वेष, वेतन आणि इतिहास

ग्रंथाची समीक्षा होते, नाटकाची होते, चित्रपटाचीही होते. ऐतिहासिक नाटकात एखाद्या सरदाराच्या डोक्यावर चुकीची पगडी चढली, तर दुसऱ्या दिवशी पत्रव्यवहाराच्या सदरात त्याचा समाचार घेणारे रसिक आपल्यात अजून आहेत. परंतु इतिहास लोकांपुढे आणण्याचे आणखी एक साधन गेल्या सव्वाशे वर्षांत जगभर फोफावले आहे आणि त्याकडे समीक्षकांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. ते साधन म्हणजे ऐतिहासिक धर्तीवर उभारलेले उद्यान. आर्टुर हाझेलियस या स्वीडिश गृहस्थाने 1891 मध्ये स्टॉकहोम येथे 'स्कान्सेन' उघडले. निरनिराळ्या प्रांतांतली जुनी घरे तेथे आणून वसविली आणि त्या घरांतून जुन्या वेषातली माणसे वावरू लागली. त्यानंतर अमेरिकेत, युरोपात, जपानात, चीनमध्ये अशा उद्यानांची रीघ लागली. काही विद्येसाठी निघाली, काही धंद्यासाठी. परंतु तिकीट काढून आत जाणाऱ्याला भूतकाळ प्रथम भेटतो तो दाराशी उभ्या असलेल्या पगारी माणसाच्या अंगावरच्या कपड्यांतून. तेव्हा त्या कपड्यांची परीक्षा करणे हे ऐतिहासिक कादंबरीच्या परीक्षणाइतकेच योग्य होय, असे आम्हांस वाटते.

या परीक्षेला मराठी भाषा आरंभीच साहाय्य करते. आपल्याकडे अंगावरच्या वस्त्रांना चार निरनिराळे शब्द आहेत. माणूस आपल्या इच्छेने व ऐपतीप्रमाणे घालतो तो पोशाख. धनी घालावयास लावतो तो गणवेश. भूमिकेसाठी नट चढवितो तो वेष. आणि बहुरूपी घेतो ते सोंग. या चारांतला भेद केवळ शब्दाचा नाही. पोशाखात माणूस स्वतः असतो, गणवेशात त्याची नोकरी असते, वेषात दुसराच कोणी असतो, आणि सोंगात तो स्वतः व दुसरा असे दोघेही एकदम असतात. पाहणाराही ते जाणून हसतो. शिवाय वस्त्र म्हणजे अधिकार हा अर्थही आपल्या इतिहासात मुरलेला आहे. साताऱ्याहून पेशवाईची 'वस्त्रे' येत, म्हणजे पदच येई. आपल्या कचेरीतल्या चपराश्याला ते नाव मिळाले तेही त्याच्या पट्ट्यावरच्या पितळी 'चपराशी'वरून. माणूस मागे पडला आणि बिल्ल्याने त्याचे नाव घेतले. उद्यानातल्या कर्मचाऱ्याच्या अंगावर असते ते या चारांपैकी कोणते, हाच आमच्या मते पहिला प्रश्न आहे.

वॉल्ट डिस्ने यांनी 17 जुलै 1955 रोजी कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे 'डिस्नेलँड' उघडले, तेव्हा या प्रश्नाचे एक चतुर उत्तर दिले गेले. त्या संस्थेत नोकराला नोकर म्हणत नाहीत, 'कास्ट मेंबर' म्हणजे नटसंचातला घटक म्हणतात. गिऱ्हाइकाला 'गेस्ट' म्हणतात. आणि कपड्यांना 'युनिफॉर्म' न म्हणता 'कॉस्च्युम' म्हणतात. गणवेशाला वेषाचे नाव मिळाले. झाडू मारणारा, तिकीट फाडणारा, सरबत विकणारा हे सारे त्यामुळे रंगभूमीवर चढले. एका अंगाने पाहता यात थोडा मान आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण नटाला भूमिका असते, संवाद असतात, आणि तीन तासांनी पडदा पडतो. सरबत विकणाऱ्याला पाळी संपेपर्यंत सरबतच विकावयाचे असते. आपल्याकडची म्हण सांगते की सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. पगाराच्या दिवशी वेष आणि गणवेश यांतला फरक ज्याचा त्याला कळतोच.

त्या उद्यानात 'मेन स्ट्रीट' हा भाग 1900 च्या सुमाराच्या छोट्या अमेरिकन गावाचा आणि 'फ्राँटियरलँड' हा पश्चिमेकडील वसाहतींच्या काळाचा. तेथले पट्ट्यापट्ट्यांचे अंगरखे, गवती टोप्या, झालरींचे झगे, चामड्याच्या किनारीची जाकिटे पाहताना डोळ्यांना आनंद होतो. परंतु समीक्षकाने कपड्यांवरून नजर थोडी वर, चेहऱ्याकडे न्यावी. एकोणिसाव्या शतकातल्या सरहद्दीवरचा अमेरिकन पुरुष म्हटला की दाढी-मिशा आल्याच; पण या संस्थेने आपल्या बहुतेक पुरुष कर्मचाऱ्यांना कित्येक दशके मिशीसुद्धा ठेवू दिली नाही. मिशीची मुभा 2000 मध्ये मिळाली, दाढीची 2012 मध्ये. स्वतः डिस्ने यांना मिशी होती, ही गोष्ट वेगळीच. म्हणजे जाकीट 1850 चे आणि हनुवटी 1955 ची, असा तो संकर होता. कारण उघड आहे. जत्रेतला दाढी वाढलेला फिरस्ता पाहून मध्यमवर्गीय कुटुंबाला जी धास्ती वाटे ती येथे वाटू द्यावयाची नव्हती. वेष भूतकाळाचा घ्यावयाचा, पण भूतकाळाचा माणूस मात्र दाराबाहेर ठेवावयाचा, हे या कलेचे मुख्य सूत्र होय.

हेच सूत्र पुढे जमिनीखाली गेले. फ्राँटियरलँडच्या वेषातला एक कर्मचारी भविष्यकाळाच्या विभागातून चालत जाताना डिस्ने यांनी पाहिला आणि ते अस्वस्थ झाले, असे सांगतात. फ्लोरिडातले उद्यान 1 ऑक्टोबर 1971 रोजी उघडले, त्यात कर्मचाऱ्यांसाठी खालून वेगळे मार्ग बांधले गेले, जेणेकरून एका काळाचा माणूस दुसऱ्या काळात दिसू नये. रचनेच्या दृष्टीने हे कौतुकास्पद आहे. परंतु खऱ्या इतिहासात काळ असे भिंती घालून राहत नाहीत. आजोबांचे उपरणे, बापाचा कोट आणि मुलाची पाटलोण एकाच ओसरीवर नांदत आलेली आपण पाहिली आहेत. ज्या गावात सर्वांचे कपडे एकाच वर्षी शिवलेले दिसतात, ते गाव नव्हे, ते दुकान होय.

उद्यानातल्या वेषाचा दुसरा दोष असा की तो कधी जुना होत नाही. त्याला ठिगळ नसते, कोपरावर विरलेपण नसते, मागच्या पिढीच्या मापातून पुढच्या पिढीसाठी उसवून शिवल्याची खूण नसते. कापड महाग होते त्या काळी कपडा उलटवून शिवीत, लहान करून मुलाला घालीत आणि अखेर त्याची चिंधी करीत. संग्रहालयांत जुने कपडे उरले ते श्रीमंतांचे व समारंभाचे. कष्टकऱ्याचा कपडा अंगावरच संपला. म्हणून जुन्या कपड्यांची पेटी उघडून तीच नक्कल करणाऱ्याला सारा भूतकाळ सणासुदीचाच दिसणार, हे ओघानेच आले. ग्रंथलेखकाची चूक तळटीपेत सुधारता येते. येथे तळटीप लावावयास जागा नाही.

आणि दोष केवळ चुकीचा असता तर आम्ही एवढे लिहिले नसते. 1955 मध्येच फ्राँटियरलँडमध्ये 'आँट जेमिमा'च्या नावाचे उपाहारगृह निघाले आणि त्या नावाची भूमिका करणारी कृष्णवर्णीय स्त्री डोक्याला रुमाल, कमरेला एप्रन अशा वेषात पाहुण्यांचे हसतमुखाने स्वागत करू लागली. हा रुमाल कोणाचा, हे अमेरिकेत कोणाला सांगावे लागत नव्हते. गुलामीच्या काळात गोऱ्यांच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईची ती प्रतिमा होती. फक्त त्यातून राबणे वजा केले होते आणि हसू तेवढे ठेवले होते. ज्या अन्नपदार्थाच्या छापावर ती प्रतिमा होती, त्याने ते नाव सोडले 2021 मध्ये. म्हणजे साठ-पासष्ट वर्षे लागली. येथे कापड चुकीचे नव्हते, रुमालाची गाठही कदाचित बरोबर असेल. चुकीचे होते ते हे की त्या रुमालाखालच्या बाईला काय वाटे याला त्या वेषात जागाच नव्हती.

उद्यानातल्या वेषाची घरगुती बाजूही पाहण्यासारखी आहे. फ्लोरिडाच्या त्याच संस्थेत पात्रांचे वेष घालणाऱ्या कर्मचाऱ्यांना आतले कपडेसुद्धा सामाईक साठ्यातून घ्यावे लागत. ते नीट धुतलेले नसतात, त्यांतून उवांचा उपद्रव होतो, अशी तक्रार झाली आणि 2001 मध्ये त्यांच्या संघटनेने प्रत्येकाला स्वतःचे आतले कपडे घरी नेऊन धुण्याचा हक्क मिळविला. वाचकांपैकी ज्यांनी आस्थापना शाखेत काम केले आहे त्यांना यात हसण्यासारखे काही वाटणार नाही. आपल्याकडे गणवेशाबरोबर धुलाई भत्ता असे. 2017 पासून तो पोशाख भत्त्यात विलीन झाला. रक्कम केवढी हा प्रश्न निराळा, परंतु कपडा धुवावा लागतो, आणि धुणारा कोणीतरी असतो, एवढे त्या नियमाने मान्य केले आहे. वेषाला कितीही काव्यमय नाव द्या, त्याच्या आत घाम येणारा माणूस आहे हे जी व्यवस्था विसरते, ती इतिहासातल्या माणसाचा घाम कोठून आठवणार?

आता दुसरे उदाहरण घेऊ. व्हर्जिनिया राज्यातले विल्यम्सबर्ग हे 1699 पासून 1780 पर्यंत त्या प्रांताची राजधानी होते. 1926 मध्ये तेथील धर्मोपदेशक गुडविन यांच्या आग्रहावरून जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांनी त्याच्या जीर्णोद्धारास पैसा दिला. योगायोग असा की त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाडे निवर्तले. ज्यांनी मूळ कागद पाहिल्यावाचून एक वाक्य लिहू नये असा दंडक घातला, त्यांना हा दगडविटांचा आणि कापडाचा ग्रंथ दाखवावयास हवा होता असे वाटते. हे स्थळ खऱ्या अर्थाने करमणुकीचे उद्यान नव्हे, वस्तुसंग्रहालयच होय. पण तिकीट, दुकाने, घोडागाडी आणि वेषधारी नोकर हे सारे तेथेही आहे, म्हणून तुलना करण्यास हरकत नाही.

विल्यम्सबर्गच्या वेषांचा अभ्यास दर पिढीत वाढत गेला आणि त्याचा लाभ पाहणाऱ्याला होतो. अठराव्या शतकातल्या स्त्रीचा झगा पुढून बटणांनी नव्हे तर टाचण्यांनी बंद होत असे. आत नाडीने आवळलेली कडक चोळी असे. खिसा झग्याला शिवलेला नसून कमरेला वेगळा बांधलेला असे. असा पोशाख अंगावर घातला की वाकण्याची, बसण्याची, ओझे उचलण्याची रीतच बदलते. येथे वेष ज्ञान देऊ लागतो; तो केवळ दाखवीत नाही, तर घालणाऱ्याला शिकवितो. तेथल्या शिंप्याच्या दुकानात व स्त्रियांच्या कापडचोपडाच्या दुकानात बसलेली माणसे हातशिलाई खरोखर करतात, आणि विचारले तर कापड कोठून येई तेही सांगतात. त्या उत्तरात हिंदुस्थानचे नाव येते. आपल्या किनाऱ्यावरून गेलेले छीट इंग्लंडात वापरण्यास 1721 च्या कायद्याने बंदी झाली होती, पण वसाहतींकडे ते जातच राहिले. विल्यम्सबर्गच्या श्रीमंत गृहिणीच्या झग्यावरची वेलबुट्टी आपल्याकडच्या रंगाऱ्याच्या हातची असू शके. एका कपड्यातून तीन खंड दिसावेत, ही खऱ्या ऐतिहासिक वेषाची ताकद.

परंतु त्याच शहरात अठराव्या शतकात निम्म्याच्या आसपास लोकसंख्या कृष्णवर्णीयांची होती आणि त्यांतले बहुतेक गुलाम होते. त्यांचा कपडा कोणता? जर्मनीतल्या ओस्नाब्रुक गावाच्या नावाने ओळखले जाणारे जाडेभरडे तागाचे कापड त्यांना वाटले जाई. याचा पुरावा कोठून मिळाला, हे वाचून आम्ही थबकलो. पळून गेलेल्या गुलामाला पकडून आणणारास बक्षीस देण्याच्या जाहिराती तेव्हाच्या वृत्तपत्रांत येत, आणि त्यांत पळालेल्याच्या अंगावरचा सदरा कोणत्या कापडाचा, जाकिटाचा रंग कोणता, पायांत काय, याचे बारकाईने वर्णन असे. ज्याला कोणी चित्रात बसविले नाही, ज्याचा सदरा कोणी पेटीत जपला नाही, त्याच्या कपड्याची नोंद त्याला पुन्हा बांधून आणण्यासाठी झाली. आज तो सदरा शिवणारा कारागीर त्या जाहिरातीवरून माप घेतो. इतिहासाच्या साधनांत याहून कडवट साधन आमच्या वाचनात नाही. आणि वेषाच्या सचोटीचा याहून चांगला दाखलाही नाही.

प्रश्न पुढेच आहे. हा सदरा आज घालावयाचा कोणी? 1979 मध्ये विल्यम्सबर्गने काही कृष्णवर्णीय कलावंतांना गुलामांच्या भूमिकेत रस्त्यावर आणले. ज्या वस्त्रांतून पूर्वजांनी सुटका करून घेतली, तीच वस्त्रे नातवाने पगारासाठी चढवावीत, हे सोपे नव्हते. 1994 च्या शरदात याच राज्यात दोन घटना पंधरवड्याच्या आत घडल्या. मनासास या यादवी युद्धाच्या रणभूमीजवळ हेमार्केट येथे 'डिस्नेज अमेरिका' हे इतिहासाचे करमणूक-उद्यान उभारण्याची योजना 1993 मध्ये जाहीर झाली होती. डेव्हिड मॅक्कलो, जेम्स मॅक्फर्सन यांच्यासारख्या इतिहासकारांच्या विरोधानंतर ती सप्टेंबर 1994 च्या अखेरीस मागे घेतली गेली. आणि 10 ऑक्टोबर 1994 रोजी विल्यम्सबर्गच्या भर रस्त्यात गुलामांच्या लिलावाचा प्रसंग वेषधारी कर्मचाऱ्यांनी करून दाखविला. तो बसविणाऱ्या विभागाच्या प्रमुख, क्रिस्टी कोलमन, स्वतः कृष्णवर्णीय होत्या आणि त्यांनी स्वतः एक भूमिका घेतली. कृष्णवर्णीयांच्या संघटनेने निदर्शने केली. हे दुःखाचे प्रदर्शन आहे असा त्यांचा आक्षेप होता. प्रयोगानंतर विरोधकांपैकी एकाने आपले मत बदलल्याचेही प्रसिद्ध झाले.

या दोन घटनांतला फरक नीट पाहिला पाहिजे. दोन्हीकडे पगारी माणसांनी जुना वेष घालावयाचा होता. परंतु आँट जेमिमाच्या वेषात घालणारीला बोलण्याचा अधिकार नव्हता. लिलावाच्या वेषात तो होता. पहिल्या ठिकाणी वेष कोणी ठरविला हे विचारले तर कंपनीचे नाव येते, दुसऱ्या ठिकाणी घालणाऱ्यांचेच नाव येते. कापड तेच जाडेभरडे असले तरी एक गणवेश राहिला आणि दुसरा वेष झाला. निदर्शकांचा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. पाहणारा रडून घरी जाईल आणि जाताना आठवणीखातर टोपी विकत घेईल, ही भीती खरीच आहे. तरीही न बोलणाऱ्या हसऱ्या वेषापेक्षा बोलणारा दुःखी वेष अधिक प्रामाणिक, असाच निर्णय आम्ही देऊ.

फ्रान्समधल्या वांदे भागातील 'प्यु द्यू फू' येथे तिसरा प्रकार आढळतो. तेथे 1978 पासून रात्रीचा भव्य प्रयोग आसपासच्या गावांतले स्वयंसेवक करतात. उद्यान 1989 मध्ये निघाले. पूर्वजांचे कपडे वंशजांनीच, तेही बिनपगारी, घालावेत, ही कल्पना हृद्य आहे. पण घरचा माणूस पक्षपाती असतो. राज्यक्रांतीविरुद्ध 1793 मध्ये झालेल्या स्थानिक उठावाचा अभिमान त्या प्रयोगात ओतप्रोत भरला आहे, आणि तेथील इतिहास एकांगी असल्याची टीका इतिहासकारांनी केली आहे. 2022 मध्ये चौघांनी त्यावर ग्रंथच लिहिला. तेव्हा वेतन नसले म्हणजे वेष आपोआप खरा होतो असेही नाही.

हे सारे परमुलुखातले, आपला त्याच्याशी काय संबंध, असे वाचकाने म्हणू नये. आपल्या मोठ्या हॉटेलांच्या दाराशी भरघोस गलमिशांचा, मोठ्या साफ्याचा दरबान उभा असतो. संस्थानिकाचा थाट त्याच्या अंगावर आणि मोटारीचे दार उघडण्याचे काम त्याच्या हातात. इतिहासाची अशी उलटापालट करून आपण रोज निश्चिंत मनाने आत जातो. महाराष्ट्राबाहेर नोकरी करणारे आपण लोक तर वर्षातून दोन-चार दिवस स्वतःच वेषधारी होतो. मंडळाच्या गणेशोत्सवात, शिवजयंतीच्या मिरवणुकीत भगवे फेटे निघतात, शिवलेल्या नऊवाऱ्या निघतात. शिवलेली नऊवारी हे पाप नव्हे. बदलीच्या गावी काष्टा घालून देणारी आजी कोठून आणावी? परंतु आपल्या मिरवणुकीत एक गोष्ट हटकून असते, ती अशी की सगळेच सरदार असतात. घोंगडी पांघरलेला, लंगोटी लावलेला, मुंडासे गुंडाळलेला मावळा, ज्याच्या पायांवर गड चढले गेले, तो मिरवणुकीत शोधावा लागतो. पालखीत बसणारे पुष्कळ, भोई कोणी नाही. पुणेरी पगडी, शिंदेशाही पगडी, वारकऱ्याचे पागोटे यांतून माणसाचे गाव, धंदा, जात कळे. त्या साऱ्यांची जागा एकाच रंगाच्या, एकाच घडीच्या फेट्याने घेतली. यात समतेचा भास आहे. पण जी विषमता होती ती न दाखविता झाकल्याने ती इतिहासातून जात नाही.

आणि याच ठिकाणी विल्यम्सबर्गचा प्रश्न आपल्या दाराशी येतो. 1927 च्या डिसेंबरात महाड येथे डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितले की ज्या पेहरावावरून आणि दागिन्यांवरून तुमची अस्पृश्यता ओळखू येते तो टाकून द्या, आणि लुगडे वरच्या जातींतल्या बायकांप्रमाणे नेसा. वस्त्राची घडी बदलणे हे तेथे मुक्तीचे पाऊल होते. उद्या आपल्याकडे मराठेशाहीचे उद्यान निघाले, आणि एखाद्या पदवीधर तरुणीला 'ऐतिहासिक सत्यासाठी' तेच टाकलेले लुगडे, तीच गुडघ्यापर्यंतची नेसण पगारावर घालावयास सांगितली, तर काय म्हणावे? झाकले तर इतिहास खोटा होतो. लादले तर माणूस लहान होतो. आमच्या मते यातून एकच वाट आहे, आणि ती त्या लिलावाच्या प्रसंगाने दाखविली आहे. तो वेष कसा असावा, तो कोणी घालावा, त्यात उभे राहून काय बोलावे, हे ठरविताना ज्यांच्या पूर्वजांचा तो पोशाख होता त्यांचा शब्द अखेरचा असावा. नाही म्हणण्याची मुभा असेल तरच होय म्हणण्याला अर्थ आहे.

ऐतिहासिक वेषाच्या परीक्षेला तेव्हा तीन प्रश्न पुरे आहेत. कापड पुराव्यावर शिवले आहे काय? त्या कपड्यात घालणाऱ्याला त्या काळचे काम करता येते काय, की नुसते उभे राहता येते? आणि त्या वेषातल्या माणसाला तोंड उघडण्याची परवानगी आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शिंपी देईल, दुसऱ्याचे कारागीर देईल. तिसऱ्याचे मात्र मालकालाच द्यावे लागते, आणि सर्व खर्च करून झाल्यावर बहुतेक उद्यानांची पुंजी नेमकी तेथेच अपुरी पडते.